वन्समोअर गेल्यानंतर : संगीत नाटकाचा चित्रपट होताना

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नावाने जानेवारीत संगीत महोत्सव भरतो. त्यामागे नुसता आदर नाही, नातेही आहे. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, लहानपणी जळगावात होते आणि मेहबूबखाँकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले ते याच गावात. तिकडे तापीकाठी, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातले थाळनेर ही मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी, म्हणजे लताबाई आणि त्यांच्या भावंडांचे आजोळ. मराठी संगीत रंगभूमीवरच्या सर्वांत मोठ्या गळ्यांपैकी दोघांचे असे खानदेशाशी घरचे संबंध. तरीही आज जळगाव-धुळ्यातल्या पंचविशीतल्या रसिकाला संगीत नाटकाविषयी विचारले, तर तो 'कट्यार काळजात घुसली'चे नाव घेईल आणि ती त्याने पाहिलेली असेल पडद्यावर. या पिढीपर्यंत संगीत नाटक पोहोचले ते मुख्यतः चित्रपटाच्या वाटेने. म्हणून नाटकाचा चित्रपट होताना काय टिकते, काय गळते आणि जे गळते त्याची भरपाई कशाने होते, हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा इथे जास्त निकडीचा आहे. तिथल्या माणसाला चित्रपट आवडला नाही तर पुढच्या महिन्यात एखादा प्रयोग गाठता येतो. इथे बहुधा चित्रपटावरच भागवावे लागते.

या प्रश्नाची चर्चा सहसा दोनच अंगांनी होते. चाली बदलल्या की राखल्या, आणि कथा मूळ संहितेशी प्रामाणिक राहिली की नाही. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, पण मला ते दुय्यम वाटतात. संगीत नाटकात पात्रांच्या यादीत न छापलेले एक पात्र असते, आणि ते म्हणजे समोर बसलेला श्रोता. पद किती वेळ चालायचे, कोणती जागा पुन्हा घ्यायची, कुठे थांबायचे, हे गाणारा नट त्याच्याकडे पाहून ठरवतो. चित्रपट हे पात्र काढून टाकतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. मग त्या रिकाम्या जागी चित्रपट कुणाला बसवतो, यावर त्याचे यश ठरते. गेल्या नव्वद वर्षांतली उदाहरणे एकामागून एक ठेवली तर हेच दिसते.

आधी पदाचे काम नीट पाहायला हवे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' उभे केले, त्यात पदांची संख्या दोनशेच्या वर होती. 'सौभद्र'ही पदांनी भरलेले. गाण्यांची अशी रेलचेल असलेला प्रयोग रात्रभर चालायचा. नट संवाद बोलता बोलता दोन पावले पुढे येतो, ऑर्गनवर सूर धरला जातो, पहिली ओळ साधीच म्हटली जाते. दुसऱ्या आवर्तनाला तो शब्द मोडून पाहतो, तिसऱ्याला एखादी तान टाकतो आणि समेवर येतो तेव्हा त्याचे डोळे समोरच्या पात्राकडे नसतात, पिटातल्या आणि गॅलरीतल्या माणसांकडे असतात. तिथून दाद आली की तो पुन्हा मुखड्याकडे वळतो. 'वन्समोअर' आला की सगळे पद नव्याने सुरू होते, आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यासारखे कधीच होत नाही. म्हणजे नाटककाराने लिहिलेले पद हा नुसता आराखडा असतो. प्रत्यक्ष पद त्या रात्री, त्या गावात, त्या श्रोत्यांच्या संगतीने तयार होते. खाडिलकरांच्या 'मानापमान'मधला धैर्यधर हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. 1911 मध्ये गोविंदराव टेंब्यांनी या नाटकाला चाली दिल्या. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. पुढे दीनानाथांनी तोच धैर्यधर स्वतःच्या आक्रमक, पल्लेदार गायकीने असा काही गायला की काही पदे त्यांच्याच नावावर जमा झाली. नाटक एकच, भूमिका एकच, पण प्रत्येक मोठ्या गळ्याबरोबर तिने वेगळे रूप घेतले. आपण रूपांतर म्हणतो ते रंगभूमीवर रोजच चालू होते. चित्रपटाने पहिल्यांदा काही केले असेल तर ते रूपांतर थांबवले. एक रूप पक्के केले आणि बाकीची शक्यता मिटवली.

बोलपट आला तेव्हा संगीत रंगभूमीनेच त्याला माणसे पुरवली, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीत दिले ते 'मानापमान'च्या चाली बांधणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनीच. गंधर्व नाटक मंडळीतले मास्टर कृष्णराव प्रभात कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी चित्रपटासाठी नव्या घडणीचे गाणे रचले. माणसे गेली, पण नाटके मात्र पडद्यावर नीट गेली नाहीत. दीनानाथांच्या बलवंत मंडळीने 1934 मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' पडद्यावर आणले; या उद्योगाने मंडळी कर्जात बुडाली ती पुन्हा सावरली नाही. बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. आयुष्यभर स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणारा नट पुरुषवेषात आला, याची चर्चा खूप झाली. पण मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एकनाथ गातो तो देवासमोर किंवा लोकांसमोर, आणि कॅमेरा बाजूला उभा राहून ते पाहतो. बालगंधर्वांच्या गाण्याचा सगळा जीव मात्र समोरच्याला बरोबर घेऊन जाण्यात होता. पुढे 1937 मध्ये त्यांच्या 'अमृतसिद्धी' नाटकावरून 'साध्वी मीराबाई' हा चित्रपट निघाला, तो बहुतांशी नाटकच चित्रित केल्यासारखा. इथे तर काहीच बदलले नव्हते. नट तोच, पदे तीच, संहिता तीच. तरीही चित्रपट चालला नाही आणि बालगंधर्व पुन्हा रंगभूमीकडे वळले. मूळ जसेच्या तसे ठेवले म्हणजे रूपांतर प्रामाणिक होते, असे मानणाऱ्यांनी या एका चित्रपटाचा विचार करावा. सगळे मूळचे होते, फक्त दाद देणारे कुणी नव्हते.

त्यानंतर दोन्ही माध्यमे बरीच वर्षे एकमेकांकडे पाठ करून राहिली. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकाने गाणी कमी करून संवादाला वाट दिली होती, चित्रपटाने स्वतःचे भावगीत घडवले, आणि 1960 नंतर विद्याधर गोखल्यांच्या 'पंडितराज जगन्नाथ'पासून संगीत नाटकाला पुन्हा बहर आला तेव्हा चित्रपटवाल्यांना त्यात रस उरला नव्हता. संगीत नाटकाच्या मुख्य धारेबाहेरचा, पण गाण्याशिवाय उभाच राहू न शकणारा 'घाशीराम कोतवाल' मात्र 1972 मध्ये रंगभूमीवर आणि 1976 मध्ये पडद्यावर आला. नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत होती, हेच वृंदगान होते आणि तीच प्रेक्षकांशी सलगी करत होती. मोहन आगाशे नाटकातलेच, ओम पुरी नवे, दिग्दर्शक तरुणांचा गट. हा चित्रपट प्रयोगशील आहे, विचारी आहे. पण रंगमंचावर ती रांग बाजूला सरून मागचे उघडे करते तेव्हा प्रेक्षकाला आपणच काही पाहायला नको ते पाहतो आहोत असे वाटते. ते भागीदारपण पडद्यावर फिके पडले.

आणि मग 'कट्यार'. हे नाटक 24 डिसेंबर 1967 रोजी रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व गेले होते. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, निर्मिती नाट्यसंपदेची. खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे आणि त्यांची मुलगी झरीना झाल्या फैयाज. वसंतरावांवर दीनानाथांच्या गाण्याची गडद छाया होती, म्हणजे थाळनेरच्या जावयाची गायकी एका पिढीने पुढे सरकून या नाटकात आली असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही. विश्रामपूर नावाच्या कल्पित संस्थानात राजगायकाला एक कट्यार मिळते. तिने केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकरांची जागा खाँसाहेबांनी मिळवली आहे, पंडितजींचा शिष्य व्हायला आलेला सदाशिव खाँसाहेबांच्या वाड्यात येऊन पडतो आणि त्यांची विद्या मिळवायची धडपड करतो. चित्रपट व्हायला या नाटकाला 48 वर्षे थांबावे लागले. नोव्हेंबर 2015 मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली तो आला. त्याआधी 2010 मध्ये भावे यांनीच राहुल देशपांडे आणि महेश काळे यांना घेऊन हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले होते. चित्रपटापूर्वी प्रेक्षकांसमोर त्याची पदे पुन्हा तापवून घेतली गेली होती, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. कुठे दाद येते हे दिग्दर्शकाला कागदावरून ठरवावे लागले नाही.

'कट्यार'चा चित्रपट यशस्वी झाला याचे श्रेय नव्या-जुन्या चाली, भव्य राजवाडे, लोकप्रिय नट यांना दिले जाते. माझ्या मते खरे कारण कथेतच दडलेले आहे. 'कट्यार' हे गाण्याविषयीचे नाटक आहे असे आपण म्हणतो, पण ते त्याहून जास्त ऐकण्याविषयीचे आहे. खाँसाहेबांचा मत्सर पंडितजींचे गाणे ऐकण्यातून जन्मतो. सदाशिवाची सगळी विद्या चोरून ऐकण्यातून येते. झरीनाचे दुःख, स्वतः गाणे येत असून ऐकण्यापुरतेच उरण्याचे आहे. अशा कथेत गाणे सुरू झाले की पडद्यावर आपोआप श्रोते असतात. दरबारात राजा, सरदार, रयत. वाड्यात भिंतीपलीकडे कान लावलेला शिष्य. चित्रपटाने ही सोय पुरेपूर वापरली. स्पर्धेच्या प्रसंगात समेवर छेद घेऊन कॅमेरा गायकाकडून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, आणि तिथे आपल्याला जी दाद द्यायची असते ती दुसरा कुणी देतो. नाट्यगृहातला जो श्रोता बाहेर गेला होता, तो दरबारी पोशाखात परत आला. 'घेई छंद' हे पद नाटकातही दोन गायकींत येते, एक पंडितजींची शांत, शब्दाला जपणारी, दुसरी खाँसाहेबांची वेगवान आणि धारदार. चित्रपटानेही त्या दोन्ही ठेवल्या, आणि फरक कळायला रागाचे ज्ञान लागत नाही, कारण ऐकणाऱ्यांच्या नजरा तो सांगतात. शास्त्रीय संगीताशी काही संबंध नसलेला धुळ्याचा किंवा चोपड्याचा प्रेक्षक त्या प्रसंगात बरोबर राहिला तो याच आधारावर.

तरीही या चित्रपटात काही गमावलेही आहे, आणि ते नजरेआड करून चालणार नाही. पंडितजींचा पराभव आणि त्यामागची कुटिल चाल चित्रपटाने उघड दाखवली. पंडितजींच्या आवाजाचा घात कसा झाला हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. नाटकाचा भर त्या पराभवाच्या नंतरच्या दिवसांवर आहे, म्हणून तिथे खाँसाहेब अधिक गुंतागुंतीचे वाटतात. त्यांचा मोठेपणा आणि त्यांचे हीनपण एकाच गळ्यातून येते. चित्रपटाने कारण हाती दिल्यामुळे कारस्थान पुढे आले आणि गायकाच्या अहंकाराचे कोडे थोडे सोपे झाले. दुसरे म्हणजे आवाज आणि देह यांची ताटातूट. सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आवाज, भावे यांच्या सदाशिवाला महेश काळे यांचा. शंकर महादेवन तेवढे पंडितजी म्हणून स्वतः पडद्यावर आहेत आणि स्वतः गातात. हा चित्रपट पुन्हा पाहताना लक्ष ठेवावे. महादेवन अभिनेते नाहीत, पण सुरू झाले की गळ्याची शीर, खांदा, श्वास, सगळे एकत्र चालते आणि क्षणभर नाट्यगृहाचा भास होतो. इतरत्र अभिनय उत्तम असूनही ती एकजीवता उसनी घ्यावी लागते.

हिंदी चित्रपटाला पार्श्वगायनाची सवय आहे, मग याच्यावर आक्षेप का, असे कुणी विचारेल. चित्रपटासाठीच लिहिलेल्या गाण्यात उसना आवाज खटकत नाही, कारण ते गाणे नटाच्या देहातून येईल अशी अपेक्षाच नसते. संगीत नाटकाचे तसे नाही. तिथे गाणारा नट हीच मूळ कल्पना आहे. जगातही याच ठिकाणी घोडे अडले आहे. 'माय फेअर लेडी' रंगमंचावर ज्युली अँड्र्यूज यांनी गाजवले. 1964 च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न आल्या आणि त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली. 2012 च्या 'ले मिझराब्ल'मध्ये याउलट नटांकडून चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गाऊन घेतले. काही गळे त्यात उघडे पडले, पण श्वास आणि शब्द यांची फारकत झाली नाही. मराठीत संगीत नाटकाच्या एखाद्या चित्रपटात हे करून पाहायला हवे होते. गाणारे नट आपल्याकडे आजही आहेत. त्यांच्याकडून आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवून घेण्यात जे सुरक्षित आहे तेच सामान्यही आहे.

आता एक योगायोग नव्हे अशी गोष्ट. उत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार नाट्यसंगीताच्या परंपरेतल्या तीन गळ्यांना मिळाला आहे: 'बालगंधर्व' (2011) साठी आनंद भाटे, 'कट्यार'मधल्या 'अरुणी किरणी'साठी महेश काळे, आणि 'मी वसंतराव' (2022) साठी राहुल देशपांडे. यातले दोन चित्रपट कोणत्याही नाटकाचे रूपांतर नाहीत, ते गायकनटांची चरित्रे आहेत. तिन्हींत समान धागा हा की गाणे ही कथेतली घटना आहे, आणि ते घडताना ऐकणारे चौकटीत हजर आहेत: गंधर्व मंडळीचे प्रेक्षक, विश्रामपूरचा दरबार, वसंतरावांच्या मैफली. रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व'मध्ये तर पडद्यावर नाट्यगृहच आहे. जिथे पडद्याने श्रोत्याला जागा दिली तिथे नाट्यसंगीत पडद्यावर बसले.

याची उलट बाजू जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 'संगीत मानापमान'मध्ये दिसते. दिग्दर्शक पुन्हा सुबोध भावे, संगीत 'कट्यार'च्या चित्रपटाप्रमाणेच शंकर-एहसान-लॉय यांचे, धैर्यधर स्वतः भावे, भामिनी वैदेही परशुरामी. मेहनत, श्रद्धा, खर्च यांत कुठेही कसर नाही. शंभरहून अधिक वर्षांचे नाटक आजच्या मुलांनी पाहावे ही तळमळ दिसते आणि तिचे मला मनापासून मोल वाटते. पण 'मानापमान'ची पदे 'कट्यार'च्या पदांहून वेगळ्या जातीची आहेत. इथे कुणी दरबारात गात नाही, स्पर्धा नाही, गुरू-शिष्य नाहीत. भामिनी लाजते, रुसते, पस्तावते, आणि ते सगळे ती आपल्याला सांगते. धैर्यधर आपल्या बाण्याचा उच्चार करतो तो आपल्यासमोर. या पदांचा कथेत कुणी श्रोताच नाही, कारण खाडिलकरांना नाट्यगृहातला श्रोता पुरेसा होता. तो काढून घेतल्यावर पद हवेत राहते. चित्रपटाने ही पोकळी भरली ती दृश्याच्या वैभवाने, समूहाने, नव्या गाण्यांनी, आणि कथानकात वाढवलेल्या कारस्थानाने. त्यामुळे पाहायला पुष्कळ मिळाले, पण गरीब शूर आणि श्रीमंत भित्रा यांच्यातून निवड करताना भामिनीचे मन हळूहळू कसे वळते, हा मूळ नाटकाचा गाभा गाण्यांतून उलगडण्याऐवजी घटनांतून उरकला गेला. एकाच दिग्दर्शकाने, त्याच संगीतकारांबरोबर केलेल्या दोन चित्रपटांत हा फरक पडावा, यावरून दोष माणसांचा नाही हे उघड आहे. ज्या नाटकात श्रोता कथेच्या आत आहे आणि ज्यात तो कथेच्या बाहेर आहे, त्या दोघांना एकच पद्धत लागू होत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप ध्वनिमुद्रिकेचा आहे. बालगंधर्वांची पदे चित्रपटाच्या कितीतरी आधी तबकड्यांवर आली. साडेतीन मिनिटांत पद कापून बसवले गेले आणि त्यात दाद देणारा कुणी नव्हता. तरीही त्या तबकड्यांनीच नाट्यसंगीत घरोघरी नेले, मग चित्रपटाला वेगळा न्याय का? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. तबकडी कधी नाटक असल्याचा दावा करत नव्हती. ज्याने प्रयोग पाहिला त्याला ती आठवण होती, ज्याने पाहिला नाही त्याला आमंत्रण. शिवाय पुन्हा ऐकायचे की नाही हे ऐकणाऱ्याच्या हाती होते. सुई उचलून मागे ठेवणे हा त्याचा वन्समोअरच होता. चित्रपट मात्र कथा, वेश, प्रसंग, शेवट सगळे घेऊन येतो आणि नाटकाची जागा भरून काढतो. तो पाहिल्यावर नाटक पाहिल्यासारखे वाटते, आणि ज्या गावात नाटक येतच नाही तिथे ही भावना मोडायला काही साधन नसते.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट दिशेने येतो. वन्समोअर हा संगीत रंगभूमीचा रोग होता; त्याने प्रसंग थांबायचे, मरणाच्या दारातले पात्रही उठून पद पुन्हा म्हणायचे, नाटककाराचा विरस व्हायचा. चित्रपटाने वेळेची शिस्त आणली हे बरेच झाले. नाट्यमन्वंतरच्या लोकांनी अशाच कारणांसाठी गाणी कमी केली होती आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. तीन तासांत नेटका बसलेला 'कट्यार'चा चित्रपट पाहताना ही शिस्त सुखावते, हे मान्य. पण मी पुनरावृत्ती मागत नाही. पद पुन्हा गायले जावे हा मुद्दा नाही. गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा एकमेकांवर परिणाम व्हावा हा आहे. अभिषेकींनी स्वतः पदांचा पसारा आवरून 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार'ची रचना आटोपशीर केली होती, तरी त्या प्रयोगांत श्रोता पूर्ण जागा राहिला. शिस्त आणि श्रोता एकत्र नांदू शकतात.

तिसरा आक्षेप खानदेशातलाच, आणि तो मला सर्वांत जवळचा. शुद्धतेच्या गोष्टी ज्यांच्या दारात प्रयोग होतात त्यांनी कराव्यात; शिंदखेड्याच्या मुलीला जितेंद्र अभिषेकी हे नाव चित्रपटामुळे कळले, हे काय थोडे झाले? थोडे नक्कीच नाही. पण हा अंतराचा प्रश्न पूर्वी असा नव्हता. नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे रेल्वेने हलत, आणि खानदेश मुंबई-भुसावळच्या मुख्य मार्गावर आहे. जळगावहून सुरतेकडे तापी खोऱ्याची लाइन फुटते, चाळीसगावहून धुळ्याला फाटा जातो, पुढे अमरावती-नागपूर आणि वर इंदूर. कापसाच्या पैशावर उभी राहिलेली ही गावे रस्त्यातली होती. आज रस्ते जास्त चांगले आहेत. जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे, हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र जळगावला आहे. अडते ते खर्चावर. संगीत नाटकाला गाणारे नट हवेत, ऑर्गन आणि तबल्याची साथ हवी, वादकांचा मुक्काम हवा, आणि एका प्रयोगाच्या तिकिटांत हे बसत नाही. ऐकणाऱ्यांची उणीव मात्र इथे नाही. रात्र रात्र वहीगायनाला बसणारा, तमाशाच्या फडात गणापासून वगापर्यंत न हलणारा, श्रावणात कानबाईची गाणी म्हणणारा हा प्रदेश आहे. गाणाऱ्याला उत्तर द्यायची सवय इथल्या माणसाच्या अंगात आहे, ती चित्रपटगृहाच्या अंधारात वापरायला मिळत नाही एवढेच.

म्हणून चित्रपट विरुद्ध प्रयोग अशी निवड न करता तिसरी वाट धरता येईल असे मला वाटते. न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन ऑपेरा 2006 पासून आणि लंडनचे नॅशनल थिएटर 2009 पासून प्रत्यक्ष प्रयोग, समोरच्या प्रेक्षकांसकट, दूरच्या गावांतल्या चित्रपटगृहांत दाखवतात. टाळी, खोकला, हशा, थांबलेला श्वास, सगळे त्यात ऐकू येते. 'साध्वी मीराबाई'त हेच तर नव्हते. नाटक कॅमेऱ्यासमोर झाले, श्रोत्यांसमोर नाही. 'सौभद्र', 'स्वयंवर', 'मानापमान' यांसारख्या, श्रोता कथेबाहेर असलेल्या नाटकांना मोठ्या पडद्यावर न्यायचे तर हाच मार्ग त्यांच्या प्रकृतीला मानवेल. आणि असे चित्रण मुंबईतच व्हायला हवे असेही नाही. बालगंधर्वांच्या नावाचा महोत्सव जळगावात भरतो, त्यासाठी मोठे गायक-वादक तसेही येतात. एका वर्षी त्यात एक पूर्ण संगीत नाटक लावले, चार कॅमेरे गायकांवर आणि दोन प्रेक्षकांवर ठेवले, ध्वनिमुद्रणात नाट्यगृहाचा आवाज न पुसता ठेवला, तर धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव इथल्या पडद्यांवर तो प्रयोग महिनाभरात फिरवता येईल. दादही त्यात खानदेशी येईल. समेवर अहिराणीतून उमटलेली.